सॉल्ट तेच आहे

सावरकर नगरच्या नाक्यावर
चप्पल शिवणाऱ्याच्या टपरीला लागून
सरकारी स्वस्त औषधांचं दुकान.
रुंदी एवढीच, की एकाने पिशवी उघडली
तर दुसऱ्याने कोपर आवरावं.

चिठ्ठीवरचं नाव राजबिंडं,
एखाद्या जहाजाला शोभेल असं.
काउंटरमागची तबस्सुम ते नाव हलक्या हाताने उतरवते,
आतलं उघडं नाव वाचते
आणि म्हणते, "काका, सॉल्ट तेच आहे."

शालन माझ्या कानाशी :
"डॉक्टर तर म्हणाले, मीठ कमी करा."

मी हसलो नाही.
एकतीस वर्षं वागळे इस्टेटीत मी गोळ्या दाबल्या.
सत्तावीस पंचांचं मशीन.
वर पोलादी मूठ, खाली पोलादी तळवा,
मध्ये चिमूटभर पांढरं पीठ.
सकाळपाळीत ते पीठ एका नावाने पट्टीत बसायचं,
रात्रपाळीत दुसऱ्या.
दुसरं नाव तिप्पट महाग.
आम्ही त्यावर बोलायचो नाही.
खाल्ल्या मिठाला जागायचो.

कंपनी गेली.
तिथे आता काचेची इमारत आहे,
आत काय दाबतात, ठाऊक नाही.

मशीनवर हिशेब चोख असायचा :
पीठ किती गेलं, गोळ्या किती उतरल्या,
फुटक्या किती, जमिनीवर किती.
आकडा जुळला नाही तर
पाळी सुटू द्यायचो नाही मी.
आणि घरात
पंधराची पट्टी महिनाभर पुरत होती,
हे माझ्या ध्यानात आलं नाही
ती मोरीच्या उंबऱ्यावर भिंत धरून बसली
त्या सकाळपर्यंत.

"एक दिवसाआड घेत होते," म्हणाली.
"तुमच्या गुडघ्यांचंही आणायचं असतं ना."

आता दोनशे दहाच्या जागी चौतीस रुपये.
मधला फरक कोण सोसतं, मला नीट कळत नाही.
कुठल्यातरी कचेरीत, कुठल्यातरी रकान्यात
कुणी सही केली असेल.
त्या कागदावर शालनचं नाव नसणार.
पण तिचे ते मधले, कोरडे दिवस
कुणीतरी मोजले असावेत,
असं मी धरून चालतो.

तिचा विश्वास नव्हता.
"एवढ्या स्वस्तात ती काय रक्त आवरणार?"
मी एक गोळी फोडून तळहातावर घेतली.
कड बघितली. मधली रेघ नखाने तपासली.
काउंटरच्या काचेवर टाकून आवाज ऐकला.
दुकान गप्प झालं होतं.
म्हटलं, "घे. दाबणारा जागा होता."

तिने ती तिथेच गिळली, पाण्याशिवाय.

तरी सगळे दिवस सारखे नसतात.
"माल आला नाही, काका, मंगळवारी बघा,"
आणि मंगळवारी पुन्हा मंगळवार.
मग शेजारच्या झगझगीत दुकानात
जहाजाचं तिकीट काढावं लागतं.

आज एकच पट्टी उरली होती
आणि माझ्या मागे एक बाई,
अंगात हाउसकीपिंगचा निळा कोट,
मुठीत घामेजलेली पन्नासची नोट, गोळी हीच.
तबस्सुमने माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली.
तिने कात्री घेतली आणि पट्टी मधोमध कापली.

छापलेली तारीख माझ्या तुकड्यावर आली.
बाईच्या तुकड्यावर नुसती चांदी,
ना साल, ना महिना, ना बॅच.

असा माल आमच्याकडून
दाराबाहेर गेला नसता.
मी बाईला म्हटलं, "थांबा जरा,"
तबस्सुमकडून पेन घेतलं
आणि त्या चुरगळत्या चांदीवर,
गोळ्या फुटणार नाहीत इतक्या हलक्या हाताने,
बॅच नंबरसकट
सगळं उतरवून दिलं.